नमुन्यातली आई

गल्लीत त्यांना सगळे 'गाईडवाल्या बाई' म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त असे. नवरा गेल्यावर शाळेच्या मुलांच्या गाईडांसाठी नमुना निबंध लिहून त्यांनी घर चालवलं होतं. छानशी सुरुवात, चार मुद्दे, शेवटी सुविचार. विषय झाडाचा असो की आजोबांचा, बाईंचा त्यात हातखंडा. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलाशी बाई आणि दाराकडे बाईंची पाठ, हे त्या घराचं कायमचं चित्र.

मुलगी नववीत गेली आणि घुमी झाली. विचारलं तर "हो" म्हणायची, नाही विचारलं तर तेही नाही. आपल्याबद्दल हिच्या मनात आहे तरी काय, या प्रश्नाने बाईंचा जीव खालीवर होई. म्हणून वर्गात 'माझी आई' हा निबंध दिल्याचं कळलं, तेव्हापासून त्या वही तपासून परत येण्याची वाट बघत होत्या.

वही आली. दहापैकी नऊ. 'माझी आई पहाटे उठते. तिच्या गोड गाण्याने घर जागे होते. अंगणातील फुलझाडांना ती मायेने पाणी घालते.' बाई काही पहाटे उठणाऱ्यांतल्या नव्हेत, त्यांनी सूर लावला असता तर शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या, आणि तिसऱ्या मजल्यावर अंगण आणायचं कुठून? पण वाक्यं ओळखीची होती. मुलगी पाळण्यात असताना बाईंनीच ती लिहिली होती. त्यांना आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

"माझ्यासाठी पुन्हा लिही," त्या म्हणाल्या. "तुला वाटतं तसं."

मुलगी बिचारी बसली. दुपारभर पेन चावलं, 'माझी आई' एवढं लिहून खाली रेघ ओढली, आणि पुढे गाडी हलेना. हल्लीच्या मुलांची डोकी चालतच नाहीत, असं बाईंच्या अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात मुलगीच बोलू लागली. सहावीतही हाच विषय होता. तेव्हा तिने मनाने लिहिलं होतं, आईच्या पाठीबद्दल. आई चिडलीय की दमलीय, ते तिला दारातून पाठ बघूनच कळायचं, असं काहीतरी. त्यावर शिक्षिकेने लाल शाईने काट मारून खाली लिहिलं होतं: मुद्दे नाहीत, गाईड पाहावे.

"मग मी पाहिलं," मुलगी म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता तिचा.

बाईंनी विचारलं, "पाठीबद्दल अजून काय लिहिलं होतंस?"

मुलीने मनापासून आठवून पाहिलं. "नाही आठवत. तेव्हा येत होतं मला."

प्रकाशकाला नवे निबंध द्यायचे होते, तरी त्या संध्याकाळी बाईंनी लिहायला घेतलं नाही. खुर्ची फिरवून त्या दाराकडे तोंड करून बसल्या. मुलगी आत येता येता थबकली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"आई, अशी समोर बसलीस तर मला काहीच कळत नाही."

"मग विचार," बाई म्हणाल्या.