पट्टीवरचा शेक

आईचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, एक पातळ पट्टी चिकटवली. दुखणं थांबवणारं कडक औषध यातून हळूहळू अंगात जाईल, झोप येईल, पोट साफ होणार नाही, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मुखेडजवळच्या आमच्या गावी आल्यावर आई कितीतरी दिवसांनी बसून जेवली, सुनेच्या भाजीला नावंसुद्धा ठेवली. मी निर्धास्त होऊन नांदेडला माझ्या घरी परतले.

मग देगलूरची मावशी भेटायला आली. आमच्याकडे आजारी माणसाला नुसतं बघून कोणी जात नाही, काहीतरी करून जातं. मावशीनं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि "अक्का, पाठ शेकते, लई बरं वाटंल," म्हणत नेमकी पट्टीवर ठेवली. मायेनंच ठेवली, तिला मी आजही बोल लावत नाही. त्याच दुपारी मी नांदेडहून तिला बघायला पोचले तर आई घोरत होती आणि मध्येच घोरणं थांबत होतं. ओठ निळे पडलेले. भाऊ खुशीत म्हणाला, "ताई, किती दिसानं गाढ झोपली बघ." मी गदागदा हलवलं तरी ती उठेना.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी ओढून काढली, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे श्वास नीट चालू झाला. "शेकलं का यांना?" त्यांनी विचारलं. उष्णतेनं औषध भसाभस अंगात उतरतं म्हणे. नांदेडला विचारून कमी ताकदीची पट्टी लावा, पण शेक नको आणि झोपेची गोळी तर मुळीच नको, असं त्यांनी बजावलं. एवढं सांगायला नांदेडच्या डॉक्टरांचं काय गेलं असतं?

पण खरा राग मला भावाचा आहे. मी कमी ताकदीची पट्टी घेऊन गेले, ती त्यानं दारातूनच परत केली. "इख हाय ते. आन् सवय लागली म्हंजे?" बसलेल्या भावकीनं माना डोलावल्या. विटेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दिल्या घरच्या लेकीचं माहेरात कोण ऐकतं!

आईला कूसही बदलता येईना. एका सकाळी तिनं भावाचा हात धरला. "आरं बाबा, जायचीच हाय की मी. आशी ठणकत कशाला धाडतूस?"

भाऊ ढसाढसा रडला. पण पट्टी लावू दिली नाही.

ती गेली तेव्हा तिनं पदर दातांत गच्च धरलेला होता. आम्हाला तो सोडवता आला नाही, कापावा लागला.