जाधवकाकांची मूठ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी बाई. तरी हे लिहितेय, कारण जबडा मी स्वतः बघितलाय... आणि हातही. (आमचं मराठी म्हैसूरचं, सांभाळून घ्या.)

आमच्या हॉस्पिटलात झोपेच्या एका नव्या गोळीची ट्रायल चालू होती – निराशेत बुडालेल्या माजी सैनिकांवर. झोप लागली तर जीव द्यायचे विचार कमी होतात का, ते बघायचं होतं. एका वेळी सातच गोळ्या द्यायच्या आणि घरी फोन करून चौकशी करायची, हे माझं काम. एकाचं नाव दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम.

लष्कर मोहल्ल्यातले हवालदार जाधवकाका दुसऱ्या आठवड्यापासून झोपू लागले. दुपारीसुद्धा. एका मंगळवारी तीनच्या सुमाराला काकूंचा फोन – "अगं, लवकर ये! झोपेत कुणाला तरी मारतायत... 'सोड म्हणतो ना चन्नप्पा, सोड!' म्हणून ओरडतायत. अय्यो, रक्त बघ किती!"

धावत गेले. काका खोलीच्या मधोमध चटईवर गाढ झोपलेले. उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, मुठीची कातडी सोललेली. भिंत हाताला लागेल इतकी जवळ नव्हतीच.

"हवेतच मारत होते गं," काकू म्हणाल्या. "दर ठोशाला हाड वाजत होतं."

मी पिशवीतली ट्रायलची यादी काढली. चार-पाच किलोमीटरवरच्या मेटगळ्ळीचे एक चन्नप्पा आमच्या ट्रायलमध्ये होते! त्यांना फोन लावला, नुसता वाजत राहिला. शेजाऱ्यांना फोन करून दार तोडायला लावलं. कडी आतून. चन्नप्पा फरशीवर पडलेले, जबडा मोडलेला, दोन दात बाजूला... पण जिवंत. जवळच निरोपाची चिठ्ठी.

बोलता येईना, म्हणून त्यांनी नंतर मला कागदावर लिहून दिलं – जीव द्यायलाच निघालो होतो. कुणीतरी मारायला लागलं. हातातलं सुटून मी पडेपर्यंत मारलं. दिसलं कुणीच नाही.

महिन्याभरानं चुकून दोघांना एकाच सकाळी तपासणीला बोलावलं गेलं. चन्नप्पा आत आले तसे काका उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि कन्नडमध्ये विचारलं, "फार दुखतंय का रे?"

चन्नप्पा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडले.

"काका, ओळखता यांना?" मी विचारलं.

"नाही गं. आजच बघतोय."

डॉक्टरांनी दोघांच्याही दुखापतीपुढे 'कारण अज्ञात' लिहिलं. इतकी वर्षं झाली, मलाही दुसरं काही लिहिता आलेलं नाही.