आबा कव्हय गयात?

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि स्वतःविषयी कुणी काही लिहिलंही नव्हतं. त्यामुळे मी हे लिहावं की नाही, ते विचारायला घरात जाणकार माणूस नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषयही काही थोर नाही. माझी मिशी.

मिशी म्हणावी इतकी ती नव्हतीच. पण जळगावला कॉलेज निघालं, मी तिथे गेलो आणि मला कळलं की सुशिक्षित माणसाच्या ओठावर केस नसतात. खोलीतले माझे दोघे सोबती दाढीबरोबर मिशीही उतरवत, आणि त्यामुळेच आपलं इंग्रजी सुधारतं असा त्यांचा चेहरा असे. दिवाळीच्या तोंडावर आबा, म्हणजे माझे वडील, भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेऊन भेटायला आले. तिथून त्यांना कपाशीच्या कामासाठी धुळ्याला जायचं होतं. मी त्यांना मोटारीत बसवून दिलं, परत आलो आणि सुशिक्षित झालो.

आमच्याकडे मुलगा मिशी काढतो ती बाप गेल्यावरच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टीचा उपयोग करायचा असतो, हे कॉलेजात अजून शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी सुट्टी लागली. शिंदखेड्याला गाडीतून उतरलो, तर समोर शेजारच्या गावचे मावसा उभे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आबा कव्हय गयात?"

"परवा," मी म्हणालो. ते अहिराणीत विचारत होते, मी शुद्ध भाषेत उत्तर देत होतो. फी भरली होती ना!

"तरास व्हयना का?"

"थोडी घुसमट झाली, पण मग चांगली जागा मिळाली."

"तू व्हता ना जोडे?"

"होतो ना जवळ. मीच तर पोचवलं."

मावसांनी मला मिठी मारली आणि ते हुंदके देऊन रडू लागले. आमच्याकडची माणसं किती हळवी, असं मला वाटलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अहो, जायचं आधीच ठरलं होतं," मी धीर दिला.

घरी आईने मला दारातच पाहिलं. तिचा हात आधी कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. आबा धुळ्याला ठणठणीत आहेत, हे मी तिला परोपरीने सांगितलं. ती ऐकत होती, पण सकाळी आबा स्वतः अंगणात येईपर्यंत उंबऱ्यावरून हलली नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते तोंड उघडणार, तोच मावसांकडची माणसं बैलगाड्या भरून आली. बायांनी गाडीतूनच गळा काढला होता. आबा ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"या, बसा. कोन गये?"

रडणं जागच्या जागी थांबलं. मावशीने तोंडातला पदर काढला आणि मावसांकडे असं पाहिलं की मला त्यांची दया आली. चहा पिऊन मंडळी परत गेली. मग आबा माझ्याकडे वळले.

"मी जित्ता शे, हाई तुले मान्य शे का?"

"हो."

"मंग मिशी येस तवलोंग घरमा बस. कॉलेज बंद."

आई रोज माझ्या ओठाला एरंडेल चोळू लागली. कपाशीला काय लागतं ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक, मिशीला काय लागतं ते कुणालाच नाही. सुट्टी संपली. जळगावला वर्ग भरले असतील, माझं नाव कमी झालं असेल, या विचाराने मला जेवण जाईना. एवढी गोष्ट मला हसून सांगता येत नाही. आबांशी बोलायचं धैर्य नव्हतं, आणि आबा बाजाराला जायचे ते माझ्याकडे न बघता.

अशात एका दुपारी न्हावी धोकटी घेऊन आला. "आबांनी धाडं," म्हणाला आणि बाजारची बातमी सांगू लागला. पोरानं मिशी का काढली, असं जो तो आबांना विचारत होता. शेवटी आबांनी भर बाजारात ठणकावलं होतं, "कॉलेजना नियम शे. मिशी ठेई तर परीक्षाले बसू देतस नही!" दोघा-तिघांनी तर आपल्या पोरांच्या मिशांकडे काळजीनं पाहिलं म्हणे.

"नियम शे तर पाळनाच पडी," वस्तरा चामड्यावर घासत न्हावी म्हणाला. "तोंड वर कर, भाऊ. सकायनी जळगावनी गाडी शे तुले."