एकवीस नंबरचा खडा

मी हायस्कुलात पीटी शिकवते. सकाळी चिपळूणहून एसटी धरायची, गुहागरच्या वाटेवर एका फाट्याला उतरायचं आणि कातळावरच्या शाळेत मुलांना पळवायचं, हे सोळा वर्षं चाललंय. पळवायला फारशी अक्कल लागत नाही, गळ्यात शिट्टी असली की झालं. कोणाला पळवायचं नाही, हे कळायला मात्र मला पाच-सहा वर्षं लागली.

आधी मी सगळ्यांसारखं मोठ्याने विचारायचे, "आज कोणाला बरं नाही?" एकही हात वर यायचा नाही. पाळी आलेल्या, उपास धरलेल्या, आदल्या दिवशी तापाने फणफणलेल्या नववी-दहावीच्या पोरी ताठ उभ्या. हात वर केला की मागे मुलगे खिदळणार आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "का गो, काय झालं?" मुलग्यांना तर पाय दुखतो म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, सकाळपासून पोटात चहासुद्धा नसलेली एक मुलगी पळता पळता माझ्या पायाशी कोसळली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली, तर "बाई, कोणाला सांगू नका."

त्यानंतर मी खड्यांची युक्ती काढली. मैदानाच्या कडेला पडलेले जांभ्याचे लहान खडे, प्रत्येकावर ऑइलपेंटने हजेरीचा नंबर. ज्याचा खडा त्याच्या कंपासपेटीत. सामानाच्या खोलीत दोन डबे ठेवले, निळा आणि पांढरा. तासाच्या सुरुवातीला एकेकाने आत जाऊन आपला खडा टाकून यायचं. निळा म्हणजे पळणार, पांढरा म्हणजे आज नको. पांढऱ्यातल्यांना मी वेळ लिहायला, दोरी धरायला बसवायचे आणि त्यांच्यात मुद्दाम दोन-तीन धडधाकटही मिसळायचे, म्हणजे कोणाला पत्ता लागू नये. पहिल्याच दिवशी शब्द दिला होता, "कारण कोणी विचारणार नाही. मीसुद्धा नाही." आणि कधीही विचारलं नाही. पोरं लबाडी करतील असं शिक्षकखोलीत सगळे म्हणाले असते, म्हणून मी तिथे अवाक्षर काढलं नव्हतं.

शाळेत हे मोठ्यांपैकी एकीलाच माहीत होतं. ती विज्ञान शिकवते. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली, आता चिपळुणात राहते, माझ्याच एसटीने येते. बाजूच्या सीटवर पर्स ठेवून माझी जागा धरायची, ती सोळा वर्षं. दुपारचे आमचे डबे कधी वेगळे उघडले नाहीत. खडे बघून म्हणाली होती, "किती साधी गोष्ट गो, आम्हाला कशी सुचली नाही!" मी मनातून फुलून गेले होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

ऑक्टोबरात मला दोन दिवस रत्नागिरीला प्रशिक्षणाला जावं लागलं. विषय काय, तर खेळताना विद्यार्थ्यांची सुरक्षितता. माझे तास तिच्याकडे आले. खड्यांचे डबे तिच्या हातात देऊन बजावलं, "बाकी काही नाही घेतलंस तरी चालेल, पांढऱ्यातल्यांना पळवू नको." ती म्हणाली, "मला शिकवतेस होय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. नववीतली एकवीस नंबरची मुलगी मैदानावर चक्कर येऊन पडली होती, कपाळ जांभ्याच्या कडेवर आपटलं होतं. मी रत्नागिरीहून थेट चिपळूणच्या दवाखान्यात गेले. चार टाके, हाताला सलाइन. टायफॉइडमधून उठून तिला पंधरा दिवसही झाले नव्हते. मला पाहिलं आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

"तू खडा कुठे टाकलेलास?" मी विचारलं.

"पांढऱ्यात."

तिने सांगितलं ते असं. संस्थेचे अध्यक्ष अचानक आले. फिटनेस सप्ताह चालू होता, त्यांना अख्खा वर्ग पळतानाचा फोटो हवा होता. माझ्या मैत्रिणीने पांढरा डबा बाहेर आणला, सगळ्यांसमोर खडे एकेक करून उचलले आणि नंबर वाचले. मग विचारलं, "एकवीस, तुला काय झालंय?" सगळी मुलं वळून बघायला लागली. ही म्हणाली, "काय नाय." बाकीच्या पाच जणांनाही काय नाय. मग बाईंनी पांढऱ्यातले खडे निळ्यात ओतले आणि म्हणाल्या, "चला, सगळे तयार आहेत सर."

"बाई, तुम्ही सांगितलेलात ना, कोण विचारणार नाय म्हणून?"

तिची आई शेजारी होती, तिने लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलीचे वडील, मैत्रीण आणि मी. खड्यांचं मी सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, "मॅडम, तुम्हाला कल्पना होती?" तिने पदर सारखा केला. "मुलांचा काहीतरी खेळ आहे असं वाटलं मला. लेखी काहीच नव्हतं." सोळा वर्षं एका डब्यात जेवलेल्या बाईने इतक्या सहज कानांवर हात ठेवले की क्षणभर मलाच वाटलं, आपण सांगायला विसरलो की काय. केसाने गळा कापणं मी ऐकून होते, ते कसं असतं ते तेव्हा कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, लेखी नाही म्हणजे जबाबदारी पीटीच्या बाईंची. वडील माझ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळच्या एसटीत नेहमीच्या सीटवर तिची पर्स होती. मला बघून तिने ती उचलली. मी दांडा धरून उभी राहिले.

"अगो, अध्यक्ष समोर उभे होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी काय करणार होते? माझी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यांच्याच सहीसाठी अडकलीये, तुला माहितीये."

मला माहीत होतं. त्यासाठीचा अर्ज मीच तिच्या शेजारी बसून लिहिला होता. चिपळूण येईपर्यंत मी उभीच होते, पुढे कितीतरी दिवस उभ्याने आले. डबाही मी आता मैदानावर खाते.

तिचं काही बिघडलं नाही. मला एक लेखी ताकीद मिळाली, तीही पचली. तिचं आणि माझं तुटलं ते तुटलं, त्याचं दुःख मी करीन एकटी. पण तिने जे निळ्यात ओतलं ते माझं नव्हतं, पोरांचं होतं.

महिन्याने एकवीस नंबर शाळेत आली. मी वर्गाची माफी मागितली. सांगितलं की डबे आता कुलपात राहतील, झाकणाला खडा जाईल एवढीच फट, किल्ली माझ्याच गळ्यात. मग एकेक जण आत जाऊन आला आणि मी डबे उघडले. निळ्यात एक्केचाळीस खडे. पांढरा रिकामा. घोट्याला पट्टी बांधून लंगडत आलेल्या मुलाचाही खडा निळ्यात होता.

एकवीस नंबर रांगेत उभी होती. कपाळावरचा व्रण अजून लाल होता. ओठ पांढरे पडलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "तू बस गो सावलीत."

"कशाला, बाई?" ती समोर बघत म्हणाली. "मला काय नाय झालेला."

त्या दिवशी मी कोणालाच पळवलं नाही. आजही तास घेते, डबे मांडते. पांढऱ्यात अजून एकही खडा पडलेला नाही. मी आता प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधते, आणि कधीतरी तो चुकणार आहे.