डालड्याच्या डब्यातला खोडवा

आमची थोरली जाऊ बनुआक्का म्हंजे कुंडलातली नामी शेतकरीण. उसाचं रान नुसतं बघून पाणी कवा द्यायचं ते सांगायची. पण पंच्याहत्तर साली एका डालड्याच्या डब्यानं तिला रडकुंडीला आणलं.

डबा तिच्या सुनेचा, मालनचा. मालन सांगलीची. लग्नानंतर माहेरची शोभेची शतावरी त्या डब्यात लावून एस्टीत मांडीवर घेऊन आली. पानं शेपूवाणी बारीक, हात लावला तर पिसावाणी मऊ. खिडकीत ठेवून रोज त्या झाडाशी बोलायची. मी म्हणायची, नवऱ्याशी तरी एवढं बोलतीस का गं?

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना मालननं झाड आक्काच्या हवाली केलं. थंडी पडली आणि आक्काला त्याची दया आली. कोवळ्या जिवाला शेक नको व्हय? म्हणून बाळंतिणीला ठेवावं तसा डबा चुलीजवळ ठेवला. मी नको म्हणलं, तर माझ्यावरच खेकसली. झाड पिवळं पडलं, पानं गळून नुसत्या काड्या उरल्या.

तेवढ्यात सांगलीसनं नातू झाल्याचा सांगावा आला. आक्कानं आळीभर साखर वाटली आणि न्हाणीत जाऊन डोळं पुसत बसली. मला म्हणली, "एक झाड संभाळता आलं न्हाई मला. सून लेकरू माझ्या हातात कशी दील गं?"

भावजींनी, म्हंजे आक्काच्या मालकांनी, डबा उकिरड्यावर टाकाया उचलला, तशी आक्का उसळली.

"आवं, ऊस तोडला की रान टाकून देता व्हय? त्याच बुडख्यांचा खोडवा धरता न्हवं?"

विळ्यानं तिनं काड्या मातीबरोबर छाटल्या. शेणखत घातलं, वर उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट पसरलं, डबा परत खिडकीत रांजणाशेजारी ठेवला. रोज सकाळी उठून पाचट उचकून बघायची. मी चिडवायची, आक्का, ह्यो ऊस कारखान्याला कवा घालायचा? कोंब आलं, पण बोडकं. आक्काला काय झोप लागंना.

पाडव्याच्या सुमारास मालन लेकराला घेऊन आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यातच आक्कानं सगळं सांगून टाकलं. मालन तशीच खिडकीशी गेली, वाकून बघितलं. कोंबांच्या शेंड्याला बारीक हिरवी पिसं फुटत हुती. पोरगी खदाखदा हसली, आणि लेकरू आक्काच्या मांडीवर ठेवलं.

"धरा आत्याबाई ह्याला. मी झाडाला पाणी घालून येते."

आक्काला लय आनंद झाला, रडूच फुटलं. पण लगीच माझ्याकडं वळून म्हणली, "चुलीतला जाळ कमी कर की जरा. लेकराला झळ लागंल."