घाटाआधीची तपासणी

मी पेठच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. नाशिकच्या मोटार अड्ड्यावर मालकाचे तपासनीस रोज बॉनेटला कान लावून इंजिनाला विचारत, "काय बाई, बरं आहे ना?"

एकदा मोटारीत वऱ्हाड बसलं होतं. ब्रेक दाबून पाहिला आणि तो सैल लागताच तपासनिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

नवऱ्या मुलाचा बाप कळवळला, "सायेब, मुहूर्त चुकंल!"

"मुहूर्त दुसरा मिळेल. नवरदेव दुसरा कुठून आणू?"

नवरदेवच आधी हसला. तपासनीस कोट काढून मोटारीखाली शिरले, तेव्हा वाजंत्र्यांनी तिथेच सनई धरली. ब्रेक नीट लागल्यावर नवरदेवाने त्यांनाही हाताला धरून मोटारीत ओढलं. घाट सुखरूप उतरलो, मुहूर्तही साधला.

मांडवात तपासनिसांच्या अक्षता ग्रीसने काळ्या झाल्या होत्या. नवरदेव हसत मान पुढे करून त्या डोक्यावर घेत होता.