दरीत वाट नव्हती

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते. आमच्या औषध कारखान्यातली काही मंडळी रविवारी वॉटरफोर्ड शहराजवळच्या डोंगरातली एक दरी पार करणार होती; मीही त्यांच्याबरोबर निघाले. तिथे पायवाट नाही, नुसते धोंडे आणि दलदल. पुढे चालणारा सहकारी मला म्हणाला, "तू गाडीत थांबलीस तरी ग्रँड, काही हरकत नाही."

"गाडीत बसायला मी आलेले नाही," मी म्हटलं.

अर्ध्या दरीत ओढा लागला. बाकीचे दगडांवरून उड्या मारत गेले. त्या सहकाऱ्याने मागे येऊन हात पुढे केला. मी नको म्हटलं, बूट काढून गळ्यात अडकवले आणि बर्फासारख्या पाण्यात उतरले. पाय बधिर झाले, पण गुडघ्याने दगा दिला नाही. पुढचा चढ मी चक्क रांगत चढले. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

दरीच्या टोकाला मी सगळ्यांनंतर अर्ध्या तासाने पोचले. मंडळी वाऱ्यात कुडकुडत थांबली होती.

"बराच उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला," मी म्हटलं. माफी काही मागितली नाही. एका दगडावर बसून थर्मासमधून आधी स्वतःसाठी चहा ओतून घेतला.